हुमणीवरचे मित्रकृमी मिरगाआधी मिळावेत

मा. संपादक,

गुहागर-दापोलीकडच्या पोफळीच्या (सुपारीच्या) बागांत हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, लागली की वर कीड दिसत नाही. झावळ्या पिवळ्या पडतात, कोवळी फळं गळतात, आणि आळं उकरावं तर मुळं खाऊन संपलेली. पूर्वी फोरेट या विषारी कीटकनाशकाचे दाणे टाकले जात. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर बंदी आली, ती योग्यच झाली. आमच्या विहिरी बागेतच आहेत. आळ्यात टाकलेलं विष पावसाबरोबर कुठे मुरणार?

त्याला पर्याय म्हणून कीटकनाशक सूत्रकृमी, म्हणजे किडी मारणारे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी, आहेत, पण त्यांचं नाव काढलं की शेजारचे बागायतदार मिरीच्या वेलांची काळजी करतात. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून ही धास्ती. हे कृमी मात्र मुळांना शिवत नाहीत. ते मातीतून अळी शोधतात, तिच्या तोंडातून किंवा श्वसनछिद्रांतून आत शिरतात आणि पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. एक-दोन दिवसांत अळी मरते. मेलेल्या अळीतच कृमींची नवी पिढी वाढते आणि पुढची अळी शोधायला बाहेर पडते. माणसांना, गुरांना, गांडुळांना त्यांचा त्रास नाही. यातली हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात आपल्याच देशातली, कोइमतूरहून १९९२ मध्ये नोंदलेली. तिने मारलेली अळी जांभ्यासारखी लाल पडते, त्यामुळे गुण आला की नाही हे उकरून पाहता येतं. बंगळूरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची पाण्यात मिसळायची भुकटीही तयार केली आहे.

अडचण आहे ती पुरवठ्याची. भुकटीतले कृमी जिवंत असतात. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात खतांच्या पोत्यांशेजारी पडून राहिलेलं पाकीट बागेत पोचेपर्यंत निकामी होतं, आणि मग ‘याने काही होत नाही’ असा बोभाटा होतो. कडक उन्हात किंवा कोरड्या मातीत ओतलं तरी तीच गत. ते द्यायचे ओल्या मातीत, संध्याकाळी, अळ्या लहान असताना. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने मिळून आगाऊ नोंदणी घ्यावी, मिरगाआधी ताजा माल तालुक्याला आणावा, तो थंड जागी ठेवावा आणि पाकिटावर तयार केल्याची तारीख ठळक छापलेली असावी. बागायतदार पैसे मोजायला तयार आहेत, पण पाकिटातले कृमी जिवंत हवेत.

— एक पोफळी बागायतदार, ता. गुहागर, जि. रत्नागिरी