अग्नीसाठी माझी वाट पाहू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई "शुभ बोल गं नाऱ्या" म्हणते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून कागदावर लिहिते आहे. याची प्रिंट काढून बाबांच्या फायलीत पहिलं पान म्हणून लावा आणि एक प्रत मिरजेला दादाकडे द्या.

मागणं एकच आहे. आजारपण माझ्यापासून लपवू नका, आणि शेवटी माझ्यासाठी थांबू नका. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. माणूस बोलता-चालता असतो तोवर "पोरीला तिकडे उगाच घोर" म्हणून दडवतात, आणि तो गेल्यावर पोर येईपर्यंत देह बर्फावर ठेवतात.

इथला, अमेरिकेतला रजेचा हिशोबही माझ्या मागण्याच्याच बाजूने आहे, तो समजून घ्या. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने आई-वडिलांच्या गंभीर आजारपणात सेवेसाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी राखली जाते. त्यासाठी नोकरीचे १२ महिने, त्यांतले १,२५० तास आणि आसपास मिळून ५० माणसांची कंपनी लागते. माझं तिन्ही जमतं. (सासू-सासऱ्यांसाठी ही रजा नाही, हा कायद्याचा आणखी एक विनोद.) पण आई-वडील गेल्यावर त्या केंद्रीय कायद्यात एका दिवसाचीही तरतूद नाही. कंपनी देईल ते तीन-चार दिवस, बस. म्हणजे तुम्ही आजारी असताना मी तीन महिने येऊ शकते, गेल्यावर आठवडाभरही कठीण.

या रजेला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते भारतातल्या डॉक्टरांचं चालतं. आजार कोणता, कधीपासून, साधारण किती काळ चालेल, आणि रुग्णाला घरच्या माणसाच्या मदतीची गरज आहे, एवढं इंग्रजीत हवं. शेवटचं वाक्य राहिलं की अर्ज अडतो. मागितल्यापासून १५ दिवसांत द्यावं लागतं. कोरा नमुना मी दादाला पाठवते, तो फायलीत राहू दे. दुसरी अडचण व्हिसाची. कंपनीच्या मंजुरीवर मला इथे राहता येतं, पण बाहेर पडून परत शिरायचं तर पासपोर्टवरचा शिक्का चालू लागतो. तो संपलेला असला तर मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटची तारीख घ्यावी लागते आणि ती कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे मला चार दिवस आधी कळणं आणि चार दिवस नंतर कळणं यांत फार मोठा फरक आहे.

आता "आजारपण" म्हणजे नेमकं काय, ते ठरवून टाकू. "किरकोळ आहे गं" चालणार नाही, मला आकडे हवेत.

बाबांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे. अशा हृदयाचा पहिला इशारा वजनाच्या काट्यावर येतो. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच बनियन-लुंगीत वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर ती जेवणाची नसते, अंगात साचलेल्या पाण्याची असते. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. पायाला सूज दिसते तोवर बरंच पाणी साचून झालेलं असतं, म्हणून सुजेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आई, तू एवढंच बघ: रात्री झोपताना किती उशा लागतात? एकीच्या दोन झाल्या, आडवं पडलं की खोकला येतो, किंवा मध्यरात्री उठून खुर्चीत बसावं लागतं, यातलं काहीही झालं तरी फोन. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून धर, खळगा तसाच राहिला तर ती सूज.

पाणी का साचतं? बऱ्याचदा मिठामुळे. पापड, लोणचं, सांडगी मिरची आणि पोट फुगल्यावर घ्यायचं फसफसणारं चूर्ण, यांत सोडियम भरपूर असतं. पण त्यावर उपाय म्हणून "कमी सोडियमचं मीठ" आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि बाबांच्या चालू गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढू शकतं. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरं कारण मेडिकलवाल्याकडून आणलेली गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही तिन्ही नावं वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहा. या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा गुण घालवतात आणि किडनीवर येतात. दुखलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, तीही साधी, पाण्यात विरघळणारी नको. आणि उलट्या-जुलाब लागले तर लघवीची गोळी तशीच चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारायचं. शरीर कोरडं पडत असताना ती गोळी चालू राहिली की क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं आणि ॲडमिट व्हायची वेळ येते.

आई, तुझं थोडक्यात. घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की साखर मोजायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बिस्किट, बर्फी नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा चढते. तू शुद्धीवर नसलीस तर बाबांनी तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ लावायचा. दोघांपैकी कोणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर "शेवटचं नीट बोलताना किती वाजता पाहिलं" ते आधी आठवायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं नाही, सीटी स्कॅन आहे अशा मिरजेच्या हॉस्पिटलात थेट जायचं.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की आत्याकडे मिरजेला जा, ४५ ची वाट बघू नका. बरोबर १५ दिवसांच्या गोळ्या, वजनकाटा आणि फाइल. गॅलरीतून पाणी बघत बसायचा बाबांचा हट्ट या वर्षी चालणार नाही.

फायलीत एक गडबड होते. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, वर्षा-दोन वर्षांत अक्षरशः कोरा होतो. आजच त्यांच्या झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, त्या उष्णतेने तो काळा पडतो. गोळ्यांच्या यादीत कंपनीच्या नावाबरोबर आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. ते पाकिटाच्या मागे बारीक छापलेलं असतं, दादा फोटो काढून पाठवेल.

हॉस्पिटलात डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच, दादा. सात नातेवाईक सात वेळा विचारतात तेव्हा डॉक्टर सातव्याला उडवून लावतात आणि घरात तेच उत्तर फिरतं. त्यांची परवानगी घेऊन दादाने मला फोनवर घ्यावं, इथे मध्यरात्र असली तरी. मी तीनच गोष्टी विचारेन: काल आणि आज यांत काय बदललं, पुढच्या ४८ तासांत काय घडू शकतं, आणि तुमचे स्वतःचे वडील असते तर मुलीला आता बोलावलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टर जरा थांबले, तर मी तिकीट काढते. घरापासून घरापर्यंत ३० तास धरा, विमानाचे पंधरा आणि मुंबईपासून सांगलीपर्यंतचे आठ त्यात आले.

पैशांचं फार लांबवत नाही. हॉस्पिटलची यूपीआय मर्यादा ५ लाखांची आहे, पण यूपीआय बाबांच्याच फोनवर आहे आणि त्या फोनचा पॅटर्न फक्त बाबांना माहीत आहे. तो आईला शिकवा. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड (हॉस्पिटलच्या खर्चासाठीचं) काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते दोघांत मिळून. बँकेची सगळी खाती दोघांच्या नावावर आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" अशी करा. बाबांनी मला दिलेलं मुखत्यारपत्र आपल्याला वाटतं तितकं कामाचं नाही. बाबा शुद्धीत नसले तर त्याच्या आधाराने व्यवहार करणं कायद्याने धोक्याचं आहे, आणि माणूस गेल्या क्षणी ते संपतं. नंतर त्यावर पैसे काढले तर ते बेकायदा ठरतं, भले ते स्मशानाच्या खर्चाला असोत.

व्हेंटिलेटरचं मात्र आधी ठरवायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून कोणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. त्यात अभद्र काही नाही. बाबा, "नळ्या लावून ठेवू नका" हे तुम्ही जेवताना दहा वेळा म्हणालात, पण आयसीयूत ते कोणी ऐकणार नाही, कागद लागतो. बरं होण्याची आशा उरली नसेल तर काय नको (व्हेंटिलेटर, छाती दाबणं, डायलिसिस) आणि काय हवंच (वेदनेवरचं औषध, धाप कमी करणारं औषध), दोन्ही लिहा. त्या कागदावरही एक माणूस बटण बंद करत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह तिघांचं मंडळ पाहतं, मग दुसरं मंडळ त्याची खात्री करतं. तुमच्या वतीने बोलणारी माणसं एकापेक्षा जास्त नेमता येतात. पहिलं नाव माझं घालू नका, दादाचं घाला, दुसरं आत्याचं. वीस मिनिटांत आयसीयूच्या दारात उभं राहू शकतो त्याचं नाव पहिलं. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक आपल्या डॉक्टरांकडे.

आता मला कळवायचं कसं, ते. "सीरियस आहेत, निघ" असं सांगून माणूस गेल्याचं विमानतळावर कळू देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती नको. दादाने फोन करावा, मेसेज नाही. आधी विचारावं, "गाडी चालवते आहेस का? घरी कोण आहे?" आणि मग सरळ सांगावं, "गेले." मला कळेपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकायची नाही, हे मामांना वेगळं बजावा.

घरी गेलं तर मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टर लागतो. ज्याने बऱ्याच दिवसांत तपासलेलंच नाही तो सही करायला कचरतो, मग पोलीस आणि शवविच्छेदन. म्हणून बरं वाटत असलं तरी दर महिन्याला आपल्या डॉक्टरांकडे एक फेरी. नेत्रदानाचा फॉर्म बाबांनी भरलेला आहे. सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यायला हवीत. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद. पंख्याने बुबुळं कोरडी पडतात. हे दादाच्या बायकोला सांगून ठेवा, त्या वेळी डोकं तिचंच शांत असतं.

आणि अग्नी दादाने द्यावा, त्याच दिवशी. मुलगी असूनही आली नाही असं कोणी म्हणालं तर हे पान दाखवा. स्मशानात फोन धरणारा माणूस खांदा देणाऱ्यांतला नको. फोन आडवा धरायचा, जवळ पॉवरबँक ठेवायची, आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंगही करायचं, कारण तिथे रेंज जाते. अस्थींना घाई नसते, त्या तेवढ्या माझ्यासाठी ठेवा. नरसोबाच्या वाडीला आपण मिळून जाऊ.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघायचं. एक वेलांटी चुकली तरी बँक आणि पेन्शन दोन्ही अडकतात. दहा प्रती घ्या. मागे राहील त्याने पहिलं वर्षभर घर विकायचा किंवा माझ्याकडे कायमचं यायचा निर्णय घ्यायचा नाही. इथे पाहुण्यांना मिळणारा विमा बहुतेक वेळा जुन्या आजारांचा खर्च देत नाही, म्हणून मधुमेह घेऊन इथे सहा महिने राहणं वाटतं तितकं सोपं नाही.

रविवारी तुमच्याकडे सकाळी साडेसहाला फोन करते. वही हातात घेऊन बसा.

तुमची,
मनी

ता. क. वजनकाटा सतरंजीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. सतरंजीवर आकडा चुकतो आणि आपण विनाकारण घाबरतो, किंवा घाबरायला हवं तेव्हा घाबरत नाही.