पितळखोऱ्याचा सोनार

काय भो, कसा शे?

दोनदा फोन लावला, उचलला नाहीस, दुकानात गर्दी असेल म्हणून शेवटी लिहायलाच बसलो, कारण हे तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

रविवारी पितळखोऱ्याची बौद्ध लेणी बघायला जाऊन आलो. चाळीसगावहून बाईक काढली, कन्नड घाटात कुणाचा तरी ट्रक बंद पडलेला, तासभर तिथंच. (कागदावर तो औट्रम घाट, आपल्या खान्देशात भिल्लांची पलटण उभी केली तोच औट्रम साहेब.) वर गौताळ्याच्या जंगलात शिरलं की रेंज गायब. आणि लेणी दिसतच नाहीत रे! माळ चालत जातो आपण आणि एकदम पायाखाली दरी, पायऱ्या उतरत गेलं की मग कड्याच्या पोटात खांब दिसायला लागतात.

अजिंठ्याची शाळेची ट्रिप आठवते ना, नुसती रांग आणि सरांची शिट्टी? इथं आम्ही दोघं आणि माकडं. इसवी सनाच्या आधीचं काम, खडक ठिसूळ म्हणून चैत्याचं, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थनागृहाचं, तोंड कधीच ढासळलंय, तरी खांबांवर नंतरच्या काळात काढलेली बुद्धाची चित्रं अजून आहेत. जोत्याला हत्तींची रांग, सोंडा तुटलेल्या. पायऱ्यांपाशी पाच फण्यांचा दगडी नाग, वरून खडकात पन्हळ खोदून पाणी त्याच्या फण्यातून खाली पडायची सोय केलेली! मी भोकात बोट घालून बघितलं, आत ओला गाळ लागला.

पण मी गेलो होतो यक्ष बघायला. डोक्यावर वाटी धरलेला, ढेरपोट्या, हसरा बुटका. सगळीकडे शोधला, मग कळलं तो कधीचाच दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आधी बघायला पाहिजे होतं, चूक माझीच. त्याच्या हातावर ब्राह्मीत कोरलंय की हा कण्हदासानं केला, आणि कण्हदास कोण माहितीये? सोनार! भट्टीपुढे बसणारा माणूस दगडाला भिडला. रात्री मोबाईलवर त्याच्या गळ्यातले दागिने झूम करून बघितले भो, असं बारीक काम सोनारालाच सुचणार. तुझे बाबा अंगठीच्या आतून शिक्का मारतात ना, बाहेरून दिसत नाही तसा, तेच आठवलं.

तर दिवाळीची गिऱ्हाईकी संपली की एक दिवस दुकान बंद ठेव, बाबांनाही घेऊन ये, पायऱ्या हळूहळू उतरू. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून आण, तिथं खायला काही मिळत नाही. पाणी मी घेतो.

तुझाच