ती बेटे निर्जन नव्हती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दुसऱ्या महायुद्धावर आलेल्या लेखात अलास्काच्या अ‍ॅल्युशन बेटांना ‘निर्जन’ म्हटले आहे. जून १९४२ मध्ये जपानने तेथील डच हार्बर या बंदरावर केलेली बॉम्बफेक आणि पाठोपाठ किस्का व अट्टू बेटांचा घेतलेला ताबा यांची हकिगत लेखात नेमकी आली आहे. तो एक शब्द मात्र फार बोचला. त्या वृक्षहीन, वादळी बेटांवर निदान आठ हजार वर्षे माणसे राहत आली आहेत. रशियनांनी त्यांना ‘अल्यूट’ म्हटले. ते स्वतःला उनंगन म्हणवतात. समुद्री पाणमांजरांच्या कातड्यांसाठी अठराव्या शतकात आलेल्या रशियन व्यापाऱ्यांनी त्यांना वेठीस धरले, आणि हिंसाचार व नव्या रोगांमुळे त्यांची संख्या पूर्वीच्या एका लहानशा हिश्शावर आली.

युद्धात त्यांचे जे झाले ते आपल्याकडे क्वचितच छापले जाते. अट्टू गावातील चाळीसेक रहिवाशांना जपानी सैन्याने होक्काइदोवरील ओतारू येथे नेले. उपासमार आणि क्षयाने त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच दगावले. इतर नऊ गावांतील ८८१ जणांना खुद्द अमेरिकी सरकारने, सुरक्षिततेचे कारण देऊन, आग्नेय अलास्कात हलवले. ज्यांच्या बेटांवर जंगल नाही ते लोक घनदाट अरण्यात, मासे डबाबंद करण्याच्या ओसाड पडलेल्या कारखान्यांसारख्या जागांत उभारलेल्या छावण्यांत कोंबले गेले. त्यांपैकी फंटर बे येथील छावणीत एका कुटुंबापासून दुसऱ्याला आडोसा म्हणून मध्ये घोंगड्या टांगाव्या लागत. सुमारे दहा टक्के माणसे या छावण्यांत दगावली. त्यातही संतापजनक गोष्ट अशी की, १९४३ च्या उन्हाळ्यात सरकारने बेरिंग समुद्रातील प्रिबिलोफ बेटांवरून हलवलेल्या उनंगन पुरुषांना सीलच्या शिकारीसाठी परत नेले आणि त्यांची बायकामुले छावणीतच ठेवली. म्हणजे सरकारी कातड्यांसाठी बेट पुरेसे सुरक्षित होते. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९८८ साली.

अट्टूच्या वाचलेल्या लोकांना आपल्या गावी परतू दिले नाही, त्यांतील बऱ्याच जणांना आटका बेटावर वसवले गेले. गाव गेले तशी अट्टूची बोलीही गेली. एकेकाळी उनंगन भाषेसाठी इव्हान पांकोव या उनंगन प्रमुखाने रशियन धर्मगुरू वेनियामिनोव यांच्यासह सिरिलिक लिपी बसवली होती, हे आवर्जून सांगावेसे वाटते. रशियाच्या कमांडर बेटांपैकी मेदनी बेटावर तर नामे उनंगन आणि क्रियापदांचे प्रत्यय रशियन, अशी एक दुर्मीळ मिश्रभाषा बोलली जाई. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना तिचे आजही नवल वाटते.

लेखमालेच्या पुढील भागात ‘निर्जन’ शब्दाची दुरुस्ती छापावी आणि अट्टू व फंटर बेच्या लोकांवर निदान एक परिच्छेद द्यावा, ही नम्र विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा