आजीच्या आजाराचं कारण

चाळीसगाव

चि. मृण्मयी, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. धुळ्याच्या डॉक्टरांनी ‘नेमकं कारण सांगता येणार नाही’ म्हटल्यावर तू भडकलीस. मला मात्र त्या वाक्यानंतरच त्या माणसाचा भरवसा वाटायला लागला.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या कंपवातावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा जणांवरून, त्यातल्या काहींना तर त्याने नुसतं रस्त्यावर पाहिलं होतं. आज डोपामाइन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या कुठल्या भागात मरतात हे माहीत आहे. पण त्या मरायला का लागतात, हे बहुतेक रोग्यांच्या बाबतीत अजून कुणालाच सांगता येत नाही.

तू विचारलंस, कपाशीवरच्या फवारणीमुळे झालं असेल का? काही कीटकनाशकांशी या आजाराचा संबंध संशोधनात दिसलाय, धोका वाढतो हे खरं. आजीने पंपात टाकायला विहिरीवरून हंडेच्या हंडे पाणी वाहिलं, औषध काडीने ढवळलं, त्याच हातांनी भाकरी खाल्ली. पण जन्मभर पाठीवर पंप घेऊन फिरलेले तुझे आबा शेवटपर्यंत हात न थरथरता चहा प्याले. हजार माणसांबद्दल जे म्हणता येतं ते एका आजीबद्दल म्हणता येत नाही. तिच्यापुरतं ‘हो’ही खोटं आणि ‘नाही’ही खोटं.

आणि मोकळी जागा दिसली की ती भरायला लोक टपलेलेच असतात. तुझ्या मामांना करणी दिसते, शेजारच्या काकूंना मागच्या जन्मीचं काहीतरी. तुझ्या मोबाइलला म्हणे गव्हाची पोळी दिसते! तिघांचाही आवाज डॉक्टरांपेक्षा ठाम. आजीचं बरं आहे. ती म्हणते, “मन्हा हात मन्हं आयकत नही,” आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरून शेंगा फोडत बसते.

तू गणितवाली, तुला उत्तराशिवाय चैन पडत नाही. पण आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचंच बघ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला, त्याला दान दिल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. एवढा मोठा गणिती, पण संख्येला शून्याने भागल्यावर येणाऱ्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटलं आणि ती अनंत अच्युतासारखी अविकारी मानली. कल्पना देखणी आहे, मला आवडते. पण तीनला शून्याने भागा की पाचला, राशी तीच; मग तिला शून्याने गुणून तीन परत मिळवायचे की पाच, हे ठरत नाही, म्हणून आज तुम्ही तिथे ‘व्याख्या नाही’ एवढंच लिहिता. पाटणादेवीला सहली येतात तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. मी तिथून सरळ धवलतीर्थाच्या धबधब्याकडे निघून जातो.

तर कारण शोधत रात्री जागू नकोस. गोळी किती वाजता दिली, हात किती वेळाने सैल पडला, पुन्हा कधी आखडला, एवढं डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलंय, त्यावरूनच ते डोस ठरवणार आहेत. वरणासारखं प्रथिनांचं जेवण आणि गोळी एकत्र आलं की गोळी नीट लागू पडत नाही म्हणतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. तुझी आई वही लिहिते, पण वेळा अंदाजाने टाकते. दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस तू लिही, आणि येताना ठळक आकड्यांचं एखादं भिंतीवरचं घड्याळ आण, आजीला लांबून दिसेल असं.

तुझे पप्पा