मेन फंक्शन शोधू नकोस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. ‘इतकी वर्षं कोड लिहितोय आणि इथे पहिल्या आठवड्यात साधं कळत नाही की प्रोग्राम सुरू कुठून होतो’ या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो, कारण डेस्कटॉपवरचं सी-प्लसप्लस सोडून सर्व्हरच्या बाजूला आलो तेव्हा माझं गाडंही नेमकं तिथेच अडलं होतं. एंटरप्राइझ जावा, म्हणजे सर्व्हरवर चालणारं मोठ्या कामाचं जावा, कुठून शिकायला घेऊ, असं तू विचारलंस. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

तू मेन फंक्शन शोधतोयस, ते शोधू नकोस. स्प्रिंग बूटमध्ये (जावात सर्व्हरचं काम लिहायचा तयार सांगाडा) ते असतं, पण एका ओळीचं, आणि ती ओळ वाचून काहीही उलगडत नाही. आपल्या जुन्या कामात प्रोग्रामची सूत्रं आपल्या हातात असायची: आपण सुरू करायचो, लायब्ररीला हाक मारायचो, आपणच संपवायचो. इथे हाक मारणारा दुसरा आहे. कंटेनर, म्हणजे तुझा कोड चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, जागा असतो, रिक्वेस्ट आली की तो तुझी मेथड बोलावतो आणि काम झालं की तुला विसरतो. आपण फक्त उत्तर लिहून ठेवायचं. प्रश्न कधी येईल आणि एका वेळी किती येतील हे आपल्या हातात नाही. मला सगळ्यात जड गेलं ते हेच, आणि हे अंगवळणी पडलं तेव्हा बाकीचं बरंच सोपं झालं.

म्हणून माझं ऐकशील तर पहिले पंधरा दिवस स्प्रिंगला हात लावू नकोस. नुसता टॉमकॅट, म्हणजे तसाच एक कंटेनर, घे आणि एक सर्व्हलेट, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास, लिही. तो चालला की ब्राउझर बाजूला ठेव, टर्मिनलवरून ८०८० पोर्टला जोडणी कर आणि रिक्वेस्ट हाताने टाइप कर: पहिली ओळ, मग होस्ट हेडर, मग एक रिकामी ओळ. उत्तर साध्या मजकुरात समोर येईल. पुढे लॉगिन लिहिशील तेव्हा त्या मजकुरात जे-सेशन-आयडी नावाची कुकी, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला दिलेला एक क्रमांक, दिसेल. एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) स्वतःची आठवण नसते. प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी पहिलीच. वापरकर्त्याला ‘ओळखणं’ म्हणजे काय, तर त्याने दरवेळी तो क्रमांक परत पाठवायचा आणि सर्व्हरने त्या क्रमांकाची नोंद काढून बघायची. हे डोळ्यांनी पाहिलंस की पुढे सेशन, टोकन, सिंगल साइन-ऑन (एकदा लॉगिन करून अनेक ठिकाणी चालणं) हे सगळं त्याच गोष्टीची वेगवेगळी रूपं वाटतील.

आता माझी एक चूक सांगतो. सर्व्हलेटच्या क्लासमध्ये मी लॉगिन केलेल्या माणसाचं नाव एका फील्डमध्ये ठेवलं होतं. वर्षानुवर्षांची सवय: ऑब्जेक्टची माहिती ऑब्जेक्टमध्ये. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चाललं. चाचणीला दोघं एकदम बसले आणि एकाच्या पानावर दुसऱ्याचं नाव उमटलं. सर्व्हलेटचं ऑब्जेक्ट सर्वसाधारणपणे एकच असतं आणि त्याच एका ऑब्जेक्टमधून अनेक थ्रेड (कामाचे स्वतंत्र धागे) एकाच वेळी धावत असतात. टॉमकॅट मुळात अशा २०० थ्रेडपर्यंत जातो. स्प्रिंगचे कंट्रोलर आणि सर्व्हिससुद्धा सांगितलं नाही तर एकुलते एकच असतात. तेव्हा पक्कं ठरव, एका रिक्वेस्टची माहिती मेथडच्या लोकल व्हेरिएबलमध्येच राहील. तुला थ्रेड नवे नाहीत, मला तरी कुठे होते? पण इथे थ्रेड आपण सुरू करत नाही, त्यामुळे ते आहेत हेच लक्षात राहत नाही.

सर्व्हलेट झाला की डेटाबेस. तोही आधी नुसत्या जेडीबीसीने, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायच्या मूळ पद्धतीने. कनेक्शन स्वतः उघड, ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप पक्का होणं) बंद कर, दोन टेबलांत लिही, मधेच मुद्दाम एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेक, रोलबॅक, म्हणजे झालेले बदल मागे घेणं, स्वतः कर. एकत्र टिकणाऱ्या किंवा एकत्र मागे जाणाऱ्या अशा बदलांनाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. कंटाळा येईल, येऊ दे. या कंटाळ्यातून गेलेल्या माणसालाच ट्रान्झॅक्शनल हे मेथडच्या माथ्यावर चिठ्ठीसारखं लावायचं अ‍ॅनोटेशन आपल्यासाठी नक्की काय काम करतं ते कळतं.

ते काम ते कसं करतं, हे तर समजून घेच. एका फाइलमधून ऑर्डरी वाचणारी मेथड मी लिहिली होती. ती त्याच क्लासमधली दुसरी मेथड बोलवायची आणि अ‍ॅनोटेशन त्या दुसऱ्या मेथडवर होतं. मधेच एक ओळ बिघडली आणि ऑर्डर टेबलात राहिली, तिच्या खालच्या वस्तू मात्र गेल्याच नाहीत. रोलबॅक झालाच नव्हता. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी डीबगर लावला तेव्हा बाहेरून येणारा कॉल आधी भलत्याच क्लासमध्ये शिरताना दिसला: नाव माझ्याच क्लासचं, पण मागे सीजीलिबची (स्प्रिंग वापरतं ती क्लास बनवणारी लायब्ररी) शेपटी. स्प्रिंग तुझ्या ऑब्जेक्टच्या पुढे एक प्रॉक्सी उभा करतं आणि ट्रान्झॅक्शन उघडणं-मिटणं तो प्रॉक्सी करतो. क्लासच्या आतल्या आत हाक मारली की तो वाटेत येतच नाही. आणखी एक: मुळात रोलबॅक होतो तो रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर. चेक्ड एक्सेप्शन (जे हाताळायला कंपाइलर भाग पाडतो) बाहेर पडलं तर कमिट होतो, म्हणजे बदल पक्के होतात. वेगळं हवं असेल तर अ‍ॅनोटेशनमध्ये तसं लिहावं लागतं. हे मी तुला आधीच सांगतोय, कारण अशा चुका कंपाइलर दाखवत नाही आणि एकट्याने केलेल्या चाचणीतही त्या सापडत नाहीत.

एक गणितही सांगतो, माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा त्यात आहे. स्प्रिंग बूटमध्ये डेटाबेसची कनेक्शनं सांभाळायला हिकारी असतं आणि त्याच्याकडे मुळात १० कनेक्शनं असतात. समज, तुझ्या मेथडने ट्रान्झॅक्शन उघडलं आणि त्याच्या आतच दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरच्या सर्व्हिसला विचारणा केली. ती सर्व्हिस उत्तराला ३ सेकंद घेते. तेवढा वेळ कनेक्शन काहीही न करता अडकून राहतं. १० कनेक्शनं, प्रत्येकी ३ सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ रिक्वेस्ट पार पडतात. थ्रेड २०० असले तरी बाकीचे रांगेत उभे राहतात आणि ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही की एक्सेप्शन. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, डेटाबेसवर ताण नाही, आणि तरी सगळं ठप्प! उपाय एवढाच की बाहेरची विचारणा ट्रान्झॅक्शनच्या आधी किंवा नंतर करायची. जावा २१ मध्ये, २०२३ साली, व्हर्च्युअल थ्रेड आले आणि थ्रेड स्वस्त झाले, पण कनेक्शनं तेवढीच राहतात.

माणसाच्या विचार करण्याचा वेळही असाच ट्रान्झॅक्शनबाहेर ठेवावा लागतो. दोघांनी एकच फॉर्म उघडला, एकाने पाच मिनिटांनी सेव्ह केला, दुसऱ्याने दहा मिनिटांनी, तर पहिल्याचा बदल गुपचूप पुसला जातो. तेवढा वेळ रेकॉर्डवर कुलूप ठेवता येत नाही. म्हणून टेबलात आवृत्तीचा एक कॉलम ठेवायचा आणि अपडेट करताना ‘आवृत्ती मी वाचली तीच असेल तरच’ अशी अट घालायची. शून्य ओळी बदलल्या तर वापरकर्त्याला सांगायचं की मधे कोणीतरी बदल केलाय. हायबरनेट, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट आणि टेबलं जुळवणारी लायब्ररी, हे तुझ्यासाठी करतं. मात्र हायबरनेट वापरताना एसक्यूएलचा लॉग पहिल्या दिवसापासून चालू ठेव. शंभर ऑर्डरींच्या यादीसाठी एक क्वेरी आणि मग प्रत्येकीच्या ग्राहकासाठी एकेक, अशा १०१ क्वेऱ्या तू न लिहिता जाऊ शकतात.

वाचायला काय घेऊ, असंही विचारलंस. काहीही घे, पण आधी त्याचं साल बघ. १९९९ च्या डिसेंबरात जे-टू-ईई (एंटरप्राइझ जावाचं तेव्हाचं नाव) आलं, त्या काळातलं लिखाण एक्सएमएलच्या सेटिंग फाइली आणि जड ईजेबीने (तेव्हाचे सर्व्हरवरचे घटक) भरलेलं आहे. त्या ओझ्याला कंटाळूनच स्प्रिंग जन्मलं, त्याची १.० आवृत्ती २००४ ची. २००६ च्या जावा ईई ५ ने (जे-टू-ईईचंच नवं नाव) अ‍ॅनोटेशनची वाट धरली, आणि २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं. पुढे जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, जकार्ता ईई झालं, आणि २०२० च्या नवव्या आवृत्तीत त्याच्या पॅकेजांची नावं जावाएक्स सोडून जकार्ता झाली. स्प्रिंग बूट ३ तीच नवी नावं मानतं. जुनं उदाहरण जसंच्या तसं उतरवलंस आणि इम्पोर्टची ओळ लाल झाली, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

तरुण सहकारी भराभर नावं घेतात आणि आपण मागे पडल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलंस. ते मनाला लावून घेऊ नकोस. नावं सहा महिन्यांत तोंडात बसतात. चुकलेल्या लॉककडे बघून अस्वस्थ होणारं मन, स्टॅक ट्रेस खालून वर शांतपणे वाचण्याची सवय, ‘हे दुसऱ्यांदा चाललं तर काय होईल’ हा प्रश्न, हे सगळं तू आधीच कमावलंयस. तो शेवटचा प्रश्न तर इथे रोज लागतो. पैसे भरण्याची रिक्वेस्ट गेली आणि उत्तर आलंच नाही, तर पैसे भरले गेले की नाही हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तो पुन्हा पाठवणारच. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला त्याने स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक पुन्हा आला तर तुझ्या कोडने दुसऱ्यांदा पैसे न कापता पहिलंच उत्तर परत द्यावं.

पहिला सर्व्हलेट चालला की मुद्दाम त्यात एक फील्ड ठेव, दोन ब्राउझरमधून एकदम रिक्वेस्ट पाठव, आणि जे दिसेल ते मला लिही. जेडीबीसीचा कोडही पाठव, कसाही असला तरी. कनेक्शन बंद करण्याची ओळ कुठे ठेवलीस ते मला बघायचंय. मग प्रॉक्सीवर आपण एखाद्या रविवारी एकत्रच डीबगर लावून बसू.

तुझा,
जुना मित्र