एका बाजूचे प्रत्येक दुखणे अर्धशिशी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात एका बाजूचे डोके ठणकू लागले की घरच्या घरी ‘अर्धशिशी’ ठरते आणि मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते. दोन्ही बाजूंनी फडके आवळल्यासारखी ताणाची डोकेदुखी सहसा ओळखू येते. घोळ होतो तो एका बाजूच्या दुखण्यात. कधी सायनस म्हणून, कधी पित्त म्हणून वर्षे निघून जातात. वरचा जबडाही दुखतो म्हणून चांगली दाढ काढली जाते, हे तर फारच वाईट.

कुठे दुखते यापेक्षा किती वेळ दुखते, हे आधी पाहावे. औषध न घेता मायग्रेन, म्हणजेच अर्धशिशी, 4 ते 72 तास टिकतो. मळमळ होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, जिना चढला तरी ठणका वाढतो. म्हणून रुग्ण अंधार करून पडून राहतो. क्लस्टर डोकेदुखी, म्हणजे झटक्यांच्या मालिकेने येणारी, 15 मिनिटे ते 3 तासांची. दुखणे डोळ्याभोवती, त्याच बाजूचा डोळा लाल, पाणी वाहते, नाक चोंदते, पापणी खाली येते. यातला रुग्ण पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. झटके बहुधा ठरावीक वेळी, अनेकदा रात्री झोपेतून उठवणारे. बहुतेकांत काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते आपोआप थांबतात आणि त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते.

हीच लक्षणे, पण झटका 2 ते 30 मिनिटांचा आणि दिवसातून पाचाहून अधिक वेळा, तर तो पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया. दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ त्याच बाजूला अखंड असेल, तर हेमिक्रेनिया कंटिन्युआचा विचार करावा. हे दोन्ही इंडोमेथॅसिन या वेदनाशामक औषधाने पूर्ण थांबतात. क्लस्टर सहसा थांबत नाही. मात्र 25 मिलिग्रॅमच्या दोन-चार गोळ्या देऊन ‘उपयोग नाही’ म्हणणे चूक आहे. प्रौढांत मात्रा टप्प्याटप्प्याने दिवसाला किमान 150 मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागते. हे औषध जठर आणि मूत्रपिंडाला त्रासदायक असल्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

क्लस्टरच्या झटक्यात पोटात घेतलेली गोळी उशिरा पोचते. लागतो तो शुद्ध ऑक्सिजन: पिशवी असलेल्या मास्कमधून, मिनिटाला किमान 12 लिटर, 15 मिनिटे, रुग्णाला बसवून. नाकातल्या नळीने दोन-चार लिटर देऊन भागत नाही. शहरातील कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या डॉक्टरांना आमची कळकळीची विनंती आहे, की बोटावरच्या यंत्रात रक्तातला ऑक्सिजन 98 टक्के दिसतो म्हणून या रुग्णाचा ऑक्सिजन नाकारू नये. जुना दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असल्यास तेवढी काळजी घ्यावी.

रुग्णांनी साध्या वहीत झटका सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, बाजू, डोळा-नाकाची लक्षणे आणि घेतलेली गोळी लिहावी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 दिवस, किंवा ट्रिप्टान (मायग्रेनची खास औषधे) वा एकाहून अधिक औषधांच्या मिश्र गोळ्या 10 दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

काही सेकंदांत शिगेला पोचलेले दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले, किंवा ताप, मान आखडणे, हातपाय लुळे पडणे यांसोबतचे दुखणे वहीत लिहीत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

– मेंदूविकारतज्ज्ञ, कोल्हापूर