टेबलावरची पुस्तकं

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

इब्सेनचं ‘गोस्ट्स’ नाटक बसवायला घेतलंस, फार बरं वाटलं. पण तुझं एक वाक्य काही केल्या गळी उतरेना : ‘डार्विन आला आणि नाटकातला माणूस आनुवंशिकतेच्या हातचं बाहुलं झाला.’ फ्रेंच कादंबरीकार झोलाबाबत हे थोडंफार खरं आहे. शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नारच्या १८६५ च्या प्रायोगिक वैद्यकावरच्या ग्रंथावर त्याने आपली साहित्यदृष्टी बेतली. रक्त आणि परिस्थिती कळली की माणूस कळला. इब्सेनने १८८१ मध्ये ‘गोस्ट्स’मध्ये हेच हाताशी घेतलं, पण तो तिथे थांबला नाही.

ओस्व्हाल्ड आईला, म्हणजे मिसेस आल्व्हिंगला, पॅरिसच्या डॉक्टरचं निदान सांगतो, तो प्रसंग पुन्हा वाच. दुखणं जन्मापासूनचं, बापाचं पाप मुलाला भोवतंय, असं डॉक्टर म्हणतो. मुलगा उसळतो. बापाचे गोडवे गाणारी आईची पत्रं काढून त्याला वाचून दाखवतो. डॉक्टर माघार घेतो. मग दोष उरतो मुलाच्याच माथी. आपणच आपलं वाटोळं केलं, असं तो धरून बसतो. रोग बापाकडून आला खरा, पण ही टोचणी आईच्या खोट्या पत्रांनी दिली, आणि ती पत्रं लिहायला लावली घराण्याच्या अब्रूने. (रोग असा बापाकडून थेट येतो हे आजचं वैद्यक मानणार नाही. नाटकाचं त्याने काही बिघडत नाही.) आईबापांकडून रक्ताबरोबर मेलेल्या समजुतीही आपल्यात येतात, हे मिसेस आल्व्हिंग बोलूनच दाखवते. रक्त बदलता येत नाही. समजुती तपासता येतात. मग बाहुलं कसलं रे?

म्हणून सांगतो, सेटवर खर्च कमी कर, पण पहिल्या अंकातलं मिसेस आल्व्हिंगच्या पुस्तकांचं टेबल मागे ढकलू नकोस. पाद्री मँडर्स ती पुस्तकं पाहून नाक मुरडतो. त्याने ती वाचलेली नाहीत, लोकांनी त्यांबद्दल काय लिहिलंय तेवढं वाचलंय. इब्सेन एकाही पुस्तकाचं नाव सांगत नाही, आणि मला हे फार मोठं वाटतं. त्या काळाचा सगळा वैचारिक झगडा एका टेबलावर ठेवलाय, आणि कोणतं पुस्तक हे ज्याचं त्याने ठरवायचं. हाच मँडर्स देवावर भरवसा नाही असं लोक म्हणतील म्हणून मिसेस आल्व्हिंगने बांधलेल्या अनाथाश्रमाचा विमा उतरवू देत नाही. पुढे आश्रम जळतो.

मिसेस आल्व्हिंग कोण करतंय? जी कोणी असेल तिला पत्रांच्या प्रसंगात नुसतं ऐकायला लाव. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं पाहिजे. तालमीची वेळ कळव, येतो.

तुझा,
सुहास